नवी गोळी, अंगावरचे पुरळ आणि मधले दिवस

अंगावर काही उठले की आपल्याकडे त्याला नाव मिळायला वेळ लागत नाही. खाजऱ्या गांधी आल्या की पित्त उठले, मुलाला तापात लाल पुरळ आले की गोवर, पाणी भरलेले फोड दिसले की कांजिण्या किंवा नागीण आणि तोंड आतून सोलले की उष्णता, ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत आणि बहुतेक वेळा ती बरोबरही ठरतात. अडचण एवढीच की यांपैकी कोणतेही नाव ठेवताना गेल्या दोन महिन्यांत घरात कोणते नवे औषध सुरू झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. औषधांमुळे होणाऱ्या त्वचेच्या गंभीर आजारांत निदानाची निम्मी वाट त्याच प्रश्नाच्या उत्तरातून सापडते, आणि ते उत्तर डॉक्टरांपेक्षा घरच्यांकडे अधिक नेमके असते. ते कसे शोधायचे, कसे जपायचे आणि पुरळ दिसल्यावर त्या दिवशी काय करायचे, हे येथे सांगायचे आहे.

औषधाने येणारे बहुतेक पुरळ साधेच असते, हे आधी नोंदवले पाहिजे. नवे प्रतिजैविक सुरू केल्यावर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात छातीपोटावर गोवरासारखे लाल ठिपके उठतात, खाज येते, आणि औषध बंद केल्यावर आठ-पंधरा दिवसांत ते मावळतात. गंभीर प्रकार क्वचित होतात, पण झाले की ते कातडीपुरते राहत नाहीत. त्यांतला सर्वांत भीतिदायक आजार स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम या नावाने ओळखला जातो. अल्बर्ट स्टीव्हन्स आणि फ्रँक जॉन्सन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९२२ साली दोन मुलांच्या आजाराचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. याच आजाराचे विस्तृत रूप म्हणजे टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, ज्याचे वर्णन स्कॉटलंडमधील ॲलन लायेल यांनी १९५६ साली केले. शरीराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी भागावरची त्वचा सुटली तर पहिले नाव, तीस टक्क्यांपेक्षा अधिक सुटली तर दुसरे, आणि मधल्या रुग्णांना दोहोंचे मिश्रण असे म्हटले जाते. शरीराच्या स्वतःच्याच रोगप्रतिकारक पेशी त्वचेच्या वरच्या थरातील पेशींना मारतात आणि तो थर उकळत्या पाण्याने भाजल्यासारखा सुटून येतो. विस्तृत रूपात चारपैकी साधारण एक रुग्ण, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, दगावतात. औषध बंद होण्यास जितका उशीर होतो तितका धोका सामान्यतः वाढतो, आणि म्हणूनच या मार्गदर्शनाचा सगळा भर तारखांवर आहे.

दिवस मागे मोजायला शिका

एक कल्पित उदाहरण घेऊ. चौतीस वर्षांच्या एका माणसाला पहिल्यांदा फिट आली आणि ३ जूनला त्याला फेनिटॉइनच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन आठवडे सारे ठीक होते. २० जूनला अंग मोडून आले, ताप भरला, घसा दुखू लागला, डोळे चुरचुरू लागले. पावसाळा तोंडावर आलेला, त्यामुळे हवा बदलली म्हणून झाले असेल असे सर्वांना वाटले आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी दिली गेली. २१ जूनला जवळच्या डॉक्टरांनी घशासाठी प्रतिजैविक दिले. २२ जूनला छातीवर जांभळट डाग उठले, ओठ सुजले आणि गिळता येईना. आता घरात चर्चा सुरू होते ती कालच्या प्रतिजैविकाची, कारण डोळ्यांसमोर घडलेले तेवढेच असते. कोणीतरी म्हणते, "ती गोळी उष्ण पडली." प्रतिजैविक बंद होते, आणि फिटची गोळी नित्याची म्हणून सकाळ-संध्याकाळ चालूच राहते.

या घरात सर्वांनी काळजी घेतली, तरीही खरा संशयित निसटला. ताप, घशाचे दुखणे आणि डोळ्यांची चुरचुर हीच त्या आजाराची सुरुवात होती, कारण स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये त्वचेवर काही दिसण्याआधी एक ते तीन दिवस फ्लूसारखी लक्षणे असतात. म्हणजे पॅरासिटामॉल आणि प्रतिजैविक ही दोन्ही औषधे आजार सुरू झाल्यानंतर पोटात गेली. मोजायचे ते पुरळ उठल्याच्या दिवसापासून नव्हे, पहिल्या लक्षणाच्या दिवसापासून मागे मोजायचे. २० जूनपासून ३ जूनपर्यंत मागे गेले की सतरा दिवस भरतात, आणि हे अंतर या आजारात अगदी नमुनेदार आहे.

कोणत्या आजाराला किती दिवस लागतात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्टीव्हन्स-जॉन्सन आणि त्याचे विस्तृत रूप साधारणपणे औषध सुरू केल्यापासून चार ते अठ्ठावीस दिवसांत उद्‌भवते. ड्रेस या लघुनावाने ओळखला जाणारा दुसरा गंभीर आजार, ज्यात त्वचेबरोबर यकृत, मूत्रपिंड किंवा हृदय सापडते, तो आणखी उशिरा, दोन ते आठ आठवड्यांनी येतो. बारीक पूभरल्या पुटकुळ्यांचा, काखा-जांघांतून सुरू होणारा एक तापाचा प्रकार मात्र प्रतिजैविकानंतर एक-दोन दिवसांतच दिसतो. तो भडक दिसतो, पण औषध थांबवल्यावर साधारण दोन आठवड्यांत निवळतो. जे औषध माणूस वर्षानुवर्षे विनातक्रार घेत आहे, त्यावर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. याला एक अपवाद आहे: ज्या औषधाने पूर्वी एकदा असा त्रास दिला होता ते पुन्हा घेतले गेले, तर आठवडे लागत नाहीत, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांतच आजार उसळतो.

इंजेक्शनापूर्वी कातडीत थोडेसे औषध टोचून पाहिले होते, तेव्हा काही झाले नाही, मग ॲलर्जी कशी, असा प्रश्न हमखास विचारला जातो. ती चाचणी काही मिनिटांत उसळणाऱ्या ॲलर्जीसाठी असते. आठवड्यांनी येणाऱ्या या आजारांचा तिच्यातून काहीही अंदाज येत नाही.

तारखांची वही

मोजायला तारीख हवी, आणि तारीख लिहिलेली नसेल तर आठवणीवर विसंबून राहावे लागते. औषधांसाठी घरात एक साधी वही ठेवावी, किंवा घरातील दिनदर्शिकेच्या त्या-त्या चौकटीत औषधाचे नाव लिहावे. गॅसच्या टाकीची आणि दुधाची नोंद जिथे होते तिथे हीदेखील सहज होते. नाव लिहिताना कंपनीने दिलेले नाव पुरेसे नाही. पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव आणि त्याचे मिलिग्रॅम लिहावेत, कारण एकाच मूळ औषधाला बाजारात डझनावारी नावे असतात आणि एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्रही असतात. पाळीत पोट दुखते म्हणून घेतलेल्या गोळीत मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन ही दोन औषधे असू शकतात. जुलाबाच्या गोळीत ऑफ्लॉक्सॅसिनबरोबर ऑर्निडाझोल असते. "जुलाबाची गोळी घेतली" एवढ्यावरून त्वचारोगतज्ज्ञाला काही कळत नाही.

येथे आपल्याकडच्या दोन सवयी आड येतात. दवाखान्यात कागदाच्या पुडीतून सुट्या गोळ्या मिळतात, पांढरी सकाळी, पिवळी रात्री, आणि त्यांचे नाव कोणालाच माहीत नसते. पुडी घेताना "डॉक्टर, नावे तेवढी लिहून द्या" असे म्हणण्यात उद्धटपणा नाही. आपल्याला काय दिले जात आहे हे जाणण्याचा रुग्णाला पुरता हक्क आहे. दुसरी सवय औषधांच्या दुकानातली. पूर्ण पाकीट न घेता चार गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्रीने तेवढा तुकडा कापून देतो, आणि नाव, बॅच क्रमांक व मुदत छापलेला भाग नेमका दुकानातच राहतो. अशा वेळी कापण्याआधी पाकिटाचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा; फोटोला तारीख आपोआप लागते, हा त्याचा आणखी एक फायदा. रिकामी झालेली पाकिटे नवे औषध सुरू केल्यापासून दोन महिने तरी टाकून देऊ नयेत.

वहीत आयुर्वेदिक काढे, भस्मे, ताकदीच्या पावडरी आणि शेजाऱ्याने दिलेली सांधेदुखीची गोळीही लिहावी. डॉक्टर रागावतील या भीतीने हीच नावे सर्वांत जास्त लपवली जातात.

कोणत्या औषधांवर अधिक लक्ष ठेवावे

कोणतेही औषध क्वचित हे करू शकते, पण मोठा वाटा मोजक्या औषधांचा आहे. फिटच्या औषधांपैकी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन आणि लॅमोट्रिजिन ही प्रमुख. कार्बामाझेपिन केवळ फिटसाठी दिले जात नाही. चेहऱ्याच्या नसेतून विजेसारख्या कळा येतात त्या दुखण्यावर ते वरचेवर दिले जाते, त्यामुळे "आम्ही फिटचे औषध घेतच नाही" असे मानणाऱ्या घरातही ते असू शकते. लॅमोट्रिजिन हळूहळू वाढवायचे औषध आहे. सुरुवातीचा डोस लहान ठेवून आठवड्या-आठवड्याने वाढवण्यामागे हाच धोका टाळण्याचा हेतू असतो, आणि सोबत व्हॅल्प्रोएट हे फिटचेच दुसरे औषध चालू असेल तर लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी खूप वाढते म्हणून सुरुवात आणखी कमी डोसाने करावी लागते. गावी गेल्यामुळे वा गोळ्या संपल्यामुळे लॅमोट्रिजिन चार-पाच दिवस सुटले, तर जुन्या पूर्ण डोसाने स्वतःहून पुन्हा सुरू करू नये. डॉक्टरांना विचारून सुरुवातीपासून वाढवावे लागू शकते.

ॲलोप्युरिनॉल या औषधाबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. संधिवाताचा एक प्रकार, ज्यात पायाचा अंगठा रात्रीतून सुजून लाल होतो, त्यावर ते चांगले औषध आहे. पण संपूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजमध्ये युरिक ॲसिडचा आकडा थोडा चढा निघाला, सांधा कधी दुखला नाही, तरी गोळी सुरू झाली, असे आपल्याकडे सर्रास घडते. लक्षण नसताना केवळ आकड्यासाठी हे औषध घेण्याची गरज बहुतेकांना नसते, आणि जगभर या गंभीर आजारांच्या कारणांत ॲलोप्युरिनॉलचे नाव वरच्या ओळीत आहे. मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा सुरुवातीलाच मोठा डोस दिला असेल तर धोका वाढतो. आकडा दाखवून गोळी लिहून दिली गेली, तर ती कशासाठी हे विचारावे.

याशिवाय को-ट्रायमोक्साझोलसारखी सल्फा गटातील औषधे, आतड्याच्या व सांध्यांच्या आजारात दिले जाणारे सल्फासलाझिन, वेदनाशामकांपैकी पिरॉक्सिकॅम आणि मेलॉक्सिकॅम, एचआयव्हीवरील नेव्हिरापिन ही यादीत आहेत. कुष्ठरोगावरील उपचारात असलेले डॅप्सोन सुरू केल्यावर महिना-दीड महिन्याने ताप, पुरळ, गाठी आणि कावीळ अशी लक्षणे काहींना दिसतात. हे उपचार नेटाने पूर्ण करायचे असतात हे खरे, पण त्या लक्षणांसकट गोळ्या रेटत राहणे जिवावर बेतू शकते. मेफेनॅमिक ॲसिडबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये इशारा दिला, की या औषधाने ड्रेस हा आजार होऊ शकतो. लाखो स्त्रिया दर महिन्याला ही गोळी घेतात आणि बहुतेकींना काही होत नाही, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण गोळी घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आणि पुरळ दिसले तर तिचे नाव डॉक्टरांना सांगायला विसरू नये. सर्वांत निर्धोक समजले जाणारे पॅरासिटामॉलही अत्यंत क्वचित असा त्रास देऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिला होता.

काहींच्या जनुकांतच ही शक्यता दडलेली असते. एचएलए-बी १५०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना कार्बामाझेपिनने स्टीव्हन्स-जॉन्सन होण्याचा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो, हे २००४ साली तैवानमधील संशोधनातून पुढे आले, आणि ॲलोप्युरिनॉलसाठी असाच संबंध एचएलए-बी ५८०१ शी २००५ साली दिसला. औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताच्या चाचणीने हे कळू शकते. कार्बामाझेपिन प्रथमच सुरू होत असेल आणि खर्च झेपत असेल, तर ही चाचणी करावी का, असे मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर विचारावे. औषध तीन-चार महिने निर्वेध चालले असेल तर मात्र तिचा फारसा उपयोग उरत नाही.

अंगाकडे कसे पाहावे

रुग्णाला उजेडात, शक्यतो दिवसाच्या प्रकाशात बसवावे आणि पुरळापेक्षा आधी चेहरा पाहावा. डोळे लाल होऊन चिकटत आहेत का, ओठांवर फोड किंवा रक्ताळलेल्या खपल्या आहेत का, तोंडाच्या आत पांढरट साल सुटते आहे का, थुंकी गिळताना त्रास होतो का, आणि लघवी करताना जळजळ होते का, हे संकोच बाजूला ठेवून विचारावे. त्वचेवरच्या पुरळाबरोबर डोळे, तोंड आणि जननेंद्रिय यांपैकी एका ठिकाणी जरी सोलले असेल तरी ते साधे पित्त नव्हे, आणि दोन ठिकाणी असेल तर क्षणभरही थांबू नये.

नंतर त्वचेकडे वळावे. पित्ताच्या गांधी उंचवट्यासारख्या असतात, भयंकर खाजतात, आणि एक गांध चोवीस तासांच्या आत मावळून दुसरीकडे नवी उठते. बॉलपेनने एखाद्या गांधीभोवती हलके वर्तुळ काढून ठेवले तर दुसऱ्या दिवशी फरक स्पष्ट दिसतो, मात्र वरची लक्षणे नसतील तरच हा प्रयोग करायचा. गंभीर आजारात डाग सपाट असतात, मधोमध जांभळट किंवा राखाडी पडतात, एकमेकांत मिसळतात, आणि त्यांत खाजेपेक्षा दुखणे अधिक असते. अंगावर कपडा लागला तरी रुग्ण कळवळतो. त्वचा दुखते आहे, हे वाक्य रुग्णाच्या तोंडून आले की ते गांभीर्याने घ्यावे. सावळ्या आणि काळ्या वर्णावर लाली दिसत नाही. डाग आजूबाजूच्या त्वचेपेक्षा काळसर किंवा जांभळे दिसतात, त्यामुळे पुस्तकांतल्या गोऱ्या त्वचेच्या चित्रांशी तुलना करत बसू नये. बोटाने घासून साल सुटते का हे डॉक्टर तपासतात. घरी ते करू नये, कारण सुटलेली साल हेच त्या जागेवरचे शेवटचे आवरण असते.

किती भाग व्यापला आहे हे सांगायचे असेल तर रुग्णाचाच तळहात बोटांसकट माप म्हणून धरावा. तो त्याच्या शरीराच्या साधारण एक टक्का असतो. फोनवरून डॉक्टरांना "पाठीवर सहा तळहातांएवढे सोलले आहे" असे सांगितले तर त्यांना चित्र लगेच उभे राहते.

ड्रेसचे रूप निराळे असते. त्यात साल सहसा सुटत नाही, पण चेहरा, विशेषतः डोळ्यांभोवतीचा भाग सुजतो, मानेत आणि काखेत गाठी येतात, ताप हटत नाही, आणि पुरळ अंगभर पसरते. डेंग्यू, गोवर, टायफॉइड, अगदी गाठींचा क्षय अशी एकेक शंका घेत आठवडा निघून जातो. रक्तात इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसणे आणि यकृताचे आकडे चढणे हा मोठा धागा असतो. ताप आणि पुरळ घेऊन कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी, "गेल्या दोन महिन्यांत हे नवे औषध सुरू झाले" हे वाक्य त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.

याउलट, एकाच जागी पुन्हापुन्हा उठणारा गोल जांभळट-काळा डाग हा वेगळाच नमुना आहे. ओठावर, हातावर किंवा जननेंद्रियावर तो उठतो, जळजळतो, मग काळा होऊन महिनोन्‌महिने राहतो, आणि तीच गोळी पुन्हा घेतली की काही तासांत त्याच जागी पेटतो. जुलाबाच्या गोळ्यांतील ऑर्निडाझोल किंवा टिनिडाझोल, नॉरफ्लॉक्सॅसिन, को-ट्रायमोक्साझोल, बुरशीवरील फ्लुकोनाझोल आणि वेदनाशामके यांमुळे तो होतो. जननेंद्रियावरचा असा डाग पाहून घराघरांत नको ते संशय निर्माण होतात, आणि खरे कारण जुलाबाच्या दिवशी घेतलेली एक गोळी असते. एकच डाग घातक नसतो, पण दरवेळी डाग वाढत जातात आणि कधी अंगभर फोडही येतात. म्हणून ती गोळी कायमची टाळायची.

त्या दिवशी काय करावे

श्वास अडखळणे, जीभ सुजणे, चक्कर येऊन पडणे ही औषध घेतल्यावर मिनिटांत दिसणारी लक्षणे वेगळ्या ॲलर्जीची आहेत, आणि त्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून थेट जवळच्या रुग्णालयात जावे.

आपल्या विषयातील लक्षणे, म्हणजे नव्या औषधानंतर ताप आणि पुरळ, त्याबरोबर दुखरी त्वचा, फोड, साल सुटणे, डोळे-तोंड सोलणे किंवा चेहऱ्याची सूज, यांत त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचावे. रात्र असेल तर रात्रीच. संशयित औषधाचा पुढचा डोस देऊ नये. येथे फिटच्या औषधांची अडचण येते, कारण ती एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते. त्यावर उपाय घरात थांबून विचार करण्याचा नाही. पुढचा डोस देण्याची वेळ होण्याआधी रुग्णालय गाठावे, तेथे डॉक्टर हे औषध थांबवून लेव्हेटिरासिटामसारखे दुसऱ्या गटातील औषध लगेच सुरू करू शकतात. फेनिटॉइनने त्रास झाला असेल तर कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन हा पर्याय नव्हे, कारण रचनेने ती एकमेकांची भावंडे आहेत आणि एकाने झालेला आजार दुसऱ्याने पुन्हा होऊ शकतो. इन्सुलिन, हृदयात स्टेंट घातल्यानंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दीर्घकाळ चालू असलेली स्टिरॉइड्स ही औषधे संशयाच्या भरात स्वतःहून बंद करू नयेत.

अंगावर कडुलिंबाचा पाला, हळद, राख किंवा कोणताही लेप लावू नये. देवी आल्या असे मानून रुग्णाला अंधाऱ्या खोलीत ठेवणे, औषधपाणी थांबवणे आणि बाहेरच्या माणसाची सावली पडू न देणे अशा जुन्या समजुती अजूनही दिसतात. देवी हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० सालीच जाहीर झाले आहे. फोड फोडू नयेत. चिकटपट्टी लावू नये, कारण ती काढताना कातडी सोबत निघते. अंगठ्या, बांगड्या, पैंजण सूज वाढण्याआधी काढून घ्यावेत, डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या काढाव्यात, ओठांना साधे पेट्रोलियम जेली लावावे आणि रुग्णाला स्वच्छ, मऊ, जुन्या सुती चादरीत गुंडाळून न्यावे. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर घोट-घोट पाणी द्यावे. सोबत तारखांची वही, सगळी पाकिटे आणि पुड्या एका पिशवीत घालून न्याव्यात. निघण्याआधी पुरळाचे दोन-तीन फोटो काढावेत, कारण काही तासांत त्याचे रूप पालटते.

अतिदक्षता विभाग, त्वचारोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ एकाच छताखाली असतील असे रुग्णालय निवडावे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे तिन्ही सहसा मिळते. नेत्रतज्ज्ञाची तपासणी पहिल्या एक-दोन दिवसांत व्हावी असा आग्रह घरच्यांनी धरावा. माणूस वाचतो, कातडी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येते, आणि दुर्लक्षित राहिलेले डोळे मात्र पापणी बुबुळाला चिकटून किंवा अश्रू आटून आयुष्यभर त्रास देतात, असे घडू शकते. उपचारांत औषध थांबवणे, शरीरातील द्रव आणि क्षार सांभाळणे, जंतुसंसर्ग रोखणे आणि वेदना कमी करणे हा पाया असतो. त्यावर सायक्लोस्पोरिन किंवा स्टिरॉइडसारखी औषधे डॉक्टर परिस्थितीनुसार वापरतात. सोललेल्या अंगाला न चिकटणारे आच्छादन लागते, आणि त्यासाठी निर्जंतुक केलेले केळीचे पान आपल्याकडे काही रुग्णालयांत वापरले जाते. भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाच्या वापराचा मुंबईतील अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला होता. परसातले पान तोडून घरीच अंगाला गुंडाळणे म्हणजे मात्र जंतूंना निमंत्रण होय.

घरी आल्यानंतर

रुग्णालयातून निघताना कोणत्या औषधाने हे झाले, त्याचे मूळ नाव आणि टाळायच्या इतर औषधांची नावे डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहून घ्यावीत. त्यावरून खिशात मावेल असे एक कार्ड करावे, त्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत ही नावे लिहावीत, प्लास्टिकचे आवरण घालून ते आधार कार्डाबरोबर ठेवावे, आणि त्याचा फोटो घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा. दाताच्या दवाखान्यात, डोळ्यांच्या शिबिरात, औषधाच्या दुकानातसुद्धा ते न विचारता दाखवावे. थोडेसे घेऊन पाहू, आता सवय झाली असेल, हा प्रयोग कधीही करू नये. आईवडील, भावंडे आणि मुले यांनीही आपल्या डॉक्टरांना हा घरातला इतिहास सांगावा. सल्फाच्या औषधाने त्रास झालेल्या माणसाने गंधक किंवा सल्फेट असे शब्द दिसताच घाबरण्याची गरज नसते. त्या वेगळ्या वस्तू आहेत.

काळे डाग महिनोन्‌महिने राहतात, नखे गळून नवी येतात, उन्हात त्वचा लवकर काळवंडते, म्हणून छत्री आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे वापरावेत. ड्रेस झालेल्यांची स्टिरॉइड्स फार हळू कमी केली जातात, कारण घाई केली तर आजार उलटतो, आणि थायरॉइडचा विकार काही महिन्यांनी उद्‌भवू शकत असल्याने त्याची तपासणी पुढे करत राहावी लागते.

एक काम बहुतेक घरांत राहून जाते. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्याचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही तेथे थेट माहिती देऊ शकतात. १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक कार्यालयीन वेळेत चालू असतो, आणि ग्राहकांसाठीचा अर्ज प्रादेशिक भाषांतही उपलब्ध आहे. औषधानेच झाले हे सिद्ध करून दाखवावे लागत नाही, संशय पुरेसा असतो, आणि रुग्णाची ओळख गुप्त ठेवली जाते. मेफेनॅमिक ॲसिडचा इशारा अशाच साठलेल्या नोंदी तपासून निघाला होता. अर्जात औषधाचे नाव, ते सुरू केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख विचारली जाते, आणि वही ठेवलेली असेल तर ती उत्तरे पाच मिनिटांत भरून होतात.